कागदावरचे पाणी

लिंकिंग रोडवरील लिंक स्क्वेअर मॉलला २९ एप्रिल २०२५ रोजी पहाटे चारच्या सुमारास आग लागली. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या एका दालनाच्या तळघरात तिचा उगम झाला आणि बघता बघता तिने सारी इमारत व्यापली. अग्निशमन दलाने ती चौथ्या श्रेणीची आग म्हणून जाहीर केली. दिवसभर बंब पाण्याचा मारा करीत राहिले, तरी संध्याकाळपर्यंत धूर थांबला नव्हता. मॉलमधील बहुतेक गाळे जळून खाक झाले. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत मालाच्या हानीचे अंदाज आले, जीवितहानी झाली नाही याबद्दल समाधान व्यक्त झाले आणि विषय मिटला.

हे समाधान जरा तपासून पाहण्यासारखे आहे. तळघरात लागलेली आग तळघरातच दाबून टाकावी यासाठी मोठ्या व्यापारी इमारतीत अग्निशमन यंत्रणा असावी असे कायदा सांगतो. त्या पहाटे आग तळघरात दबली नाही एवढे तर सर्व मुंबईने डोळ्यांनी पाहिले. माणसे वाचली ती घड्याळाच्या कृपेने. दुकाने बंद होती. हीच आग पहाटे चारऐवजी संध्याकाळी सातला लागली असती, तर तळघरातील गोदामात खोकी उतरवणारी, काउंटरमागे दहा-दहा तास उभी राहणारी, वरच्या मजल्यावर कपड्यांच्या घड्या घालणारी मुले-मुली त्या धुरात कुठल्या जिन्याने खाली आली असती?

ही मुले-मुली कुठून येतात, हे पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. लिंकिंग रोडवरून पश्चिमेकडे चालत गेले की चुईम गाव आणि त्यापलीकडे खारदांडा लागतो. दांड्याचा कोळीवाडा हा मुंबईच्या जुन्या वस्त्यांपैकी एक. समुद्रावर घर चालेनासे झाले तसा तेथील तरुण पिढीने वाहन, काउंटर, हॉटेलचे स्वयंपाकघर आणि पहारेकऱ्याचा गणवेश यांचा आश्रय घेतला. कोळीवाड्याच्या कडेच्या झोपडवस्तीतून येणाऱ्यांचीही तीच वाट. खार-वांद्र्याच्या झगमगत्या रस्त्यांवर खरेदीला येणारा ग्राहक तास-दीड तास थांबून निघून जातो. हे लोक मात्र आयुष्याचे जागे तास त्या इमारतींत काढतात. म्हणून व्यापारी इमारतीतील अग्निसुरक्षेचा प्रश्न हा सर्वांत आधी तेथे राबणाऱ्यांचा प्रश्न आहे, आणि कामगार चळवळीने तो आजवर वास्तुविशारदांवर व पालिकेच्या अधिकाऱ्यांवर सोपवून टाकला ही तिची मोठी चूक आहे.

स्प्रिंकलर हे मुळात फार साधे यंत्र. छताखालून पाण्याने भरलेले नळ गेलेले असतात आणि ठरावीक अंतरावर त्यांना तोट्या बसवलेल्या असतात. प्रत्येक तोटीचे तोंड करंगळीपेक्षाही लहान अशा काचेच्या कुपीने रोखून धरलेले असते व कुपीत रंगीत द्रव असतो. खाली आग लागली की द्रव प्रसरण पावतो. लाल रंगाची कुपी सुमारे ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि पाणी सुटते. चित्रपटांत दाखवतात त्याप्रमाणे सगळ्या तोट्या एकाच वेळी बरसत नाहीत. आगीच्या डोक्यावरची तेवढी फुटते, आणि बहुतेक आगी मोजक्याच तोट्यांच्या पाण्याने आवरतात. नळातला दाब उतरला की पंप आपोआप सुरू होतो; वीज गेली तर डिझेलवर चालणारा पंप ते काम उचलतो. कोणी जागे असण्याची, बटण दाबण्याची वा साहेबाची परवानगी घेण्याची गरज नाही. आग अगदी लहान असताना, धुराने जिना भरण्यापूर्वी, तिच्यावर पाणी पडते. आणि माणूस मरतो तो बहुतांशी ज्वाळेने नव्हे, धुरानेच.

या यंत्राचा इतिहास बोधप्रद आहे. अमेरिकेत न्यू हेवन येथील पियानो कारखान्याचे मालक हेन्री पार्मली यांनी १८७४ मध्ये त्याचे एकस्व घेतले. पुढे ते पसरले ते कापडगिरण्यांमधून. मजुरांविषयीच्या कळवळ्याने ते पसरले असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. कापूस पेटतो, यंत्रे वितळतात आणि विमा कंपनीला भरपाई मोजावी लागते, हे त्यामागचे गणित होते. स्प्रिंकलर बसवणाऱ्याला विम्याच्या हप्त्यात सूट मिळे; आणि सूट द्यायची म्हणून विमा कंपनी स्वतःचा माणूस पाठवून झडपा उघड्या आहेत की नाहीत, टाकीत पाणी आहे की नाही हे पाहून घेई. मुंबईच्या अनेक गिरण्यांतही याच हिशोबाने खात्यांच्या छतावरून हे नळ फिरवले गेले, आवारात तळी बांधली गेली. गिरणी मालकाला विणकराच्या फुप्फुसांत जाणाऱ्या कापसाच्या धुळीची फिकीर नव्हती. पण कापूस जळू नये याची फिकीर होती, आणि त्या फिकिरीचा आडून लाभ कामगारालाही मिळत गेला.

जेथे असे गणित नव्हते तेथे काय घडत होते, ते न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याने २५ मार्च १९११ रोजी दाखवून दिले. उंच इमारतीच्या आठव्या, नवव्या व दहाव्या मजल्यांवरच्या त्या कारखान्यात स्प्रिंकलर नव्हते. नवव्या मजल्यावरचा एक दरवाजा कुलूपबंद होता. १४६ कामगार मेले आणि त्यांत बहुतेक परदेशांतून पोट भरायला आलेल्या तरुण मुली होत्या. त्यानंतर तेथील कामगार संघटना रस्त्यावर उतरल्या, राज्याला कारखाने चौकशी आयोग नेमावा लागला आणि कारखान्यांतील अग्निसुरक्षेचे कायदे झाले. ते कायदे मालकांच्या सद्बुद्धीतून आले नव्हते.

मुंबईच्या गिरण्या बंद झाल्या. गिरणगावाच्या जमिनीवर कार्यालये, दालने आणि उपाहारगृहे उभी राहिली. त्यांपैकीच कमला मिलच्या आवारात, एका इमारतीच्या गच्चीवर छप्पर घालून चालवलेल्या उपाहारगृहांना २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली आणि १४ जणांचा बळी गेला. बाहेर पडण्याची वाट न सापडल्याने अनेक जण प्रसाधनगृहात शिरले आणि तेथेच गुदमरले. जेथे एकेकाळी कापसाच्या गाठींच्या रक्षणाची तजवीज होत होती, तेथे माणसांच्या रक्षणाची तजवीज नव्हती. दुसऱ्याच दिवसापासून महापालिकेने शहरभर हातोडा चालवून शेकडो अनधिकृत बांधकामे पाडली. एका रात्रीत ती शोधून काढणे कोणत्याही यंत्रणेला शक्य नाही. याचा अर्थ एकच की ती कुठे आहेत हे पालिकेला आधीपासून ठाऊक होते.

या दुर्घटनेपूर्वी अकराच दिवस आधी, १८ डिसेंबर २०१७ रोजी पहाटे, साकीनाक्याच्या खैरानी रोडवर एका फरसाणच्या दुकानाला आग लागून १२ कामगार मेले. ते दुकानातच झोपत असत. काम तेथेच, चूल तेथेच, अंथरूण तेथेच. साकीनाक्याचे बारा आणि कमला मिलचे चौदा यांच्यात मृत्यूने भेद केला नाही. भेद केला तो मुंबईच्या सार्वजनिक स्मृतीने. कमला मिलवर उच्च न्यायालयात याचिका गेल्या, समिती नेमली गेली, अग्रलेखांमागून अग्रलेख लिहिले गेले. ते योग्यच होते. साकीनाक्याचे बारा मात्र आज किती जणांच्या ध्यानात आहेत?

त्या बाराजणांच्या चिता विझल्या न विझल्या तोच, १९ डिसेंबर २०१७ पासून राज्यात दुकाने व आस्थापनांचा नवा कायदा अमलात आला. दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा त्याने दिली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीऐवजी केवळ सूचना देणे पुरेसे ठरवले. आणि पूर्वीच्या निरीक्षकाचे नाव बदलून त्याला सुविधा करून देणारा केले. सुविधा कोणाची, हे कायद्याने स्पष्ट केलेले नाही. अनुभवाने ते पुरेसे स्पष्ट झाले आहे.

आगीविषयीचा राज्याचा स्वतंत्र कायदा आहे तो २००६ सालचा, महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम. तो २००८ च्या डिसेंबरपासून लागू झाला. इमारतीत अग्निशमन यंत्रणा बसवणे आणि ती सदैव चालू स्थितीत ठेवणे ही जबाबदारी त्याने मालकावर वा भोगवटादारावर टाकली. धोकादायक जागा रिकामी करून घेण्याचे, तिची वीज व पाणी तोडण्याचे अधिकार अग्निशमन अधिकाऱ्यांना दिले. कसूर करणाऱ्यास तुरुंगवासाचीही तरतूद केली. कागदावर हा कायदा कमकुवत नाही. त्याची मेख दुसरीकडे आहे. यंत्रणा चालू आहे असा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, द्यावा लागतो. याच दाखल्याला सर्वत्र ‘फॉर्म बी’ म्हणतात. तो दाखला देते शासनाचा परवाना असलेली खासगी संस्था. तिची निवड मालक करतो आणि तिचे बिलही मालकच चुकते करतो. ज्याने आज पंप नादुरुस्त असल्याचे लिहिले त्याला उद्या बोलावणे येत नाही. ज्याने डोळे मिटून सही केली त्याचा धंदा वाढतो. परीक्षकांची नवनवी पदे निर्माण केली तरी पैसे मोजणारा हात जोवर तोच आहे तोवर निकाल बदलण्याची आशा व्यर्थ. प्रामाणिक संस्था नाहीतच असे नव्हे. पण प्रामाणिकपणाची किंमत जिला धंदा गमावून मोजावी लागते अशा व्यवस्थेवर हजारो जीव टांगून ठेवता येत नाहीत.

गिरण्यांच्या काळाशी तुलना केली म्हणजे यातला दोष लख्ख दिसतो. तेव्हा तपासायला येणारा माणूस विमा कंपनीचा असे. नुकसान झाले तर भुर्दंड तिला पडणार असल्यामुळे तो नळ उघडून पाही. तपासणी खरी होते ती तपासणारा ज्याचे नुकसान होणार त्याला जबाबदार असेल तेव्हाच. माल जळाला तर आजही विमा आहे. जीव जळाला तर नुकसान कोणाचे? तळघरात काम करणाऱ्या माणसाचे आणि दांड्यातल्या, साकीनाक्यातल्या वा कोठल्याशा दूरच्या गावातल्या त्याच्या घरच्यांचे. मग त्या तपासणीत त्याचा आवाज का नसावा?

आणि हा माणूस अडाणी नाही. यंत्रणा कुठे आणि कशी मेली आहे, हे इमारतीत सर्वांत आधी कळते ते त्यालाच. एकदा तोटी गळून माल भिजला म्हणून मजल्याची मुख्य झडप बंद करून ठेवलेली असते, हे गोदामातल्या हमालाला माहीत असते. नव्या सजावटीत खोटे छत बसवताना तोट्या छताच्या वर गाडल्या गेल्या, हे सुताराने पाहिलेले असते. मालाची थप्पी छताला भिडवल्यामुळे तोटी फुटली तरी पाणी पसरणार नाही. पण थप्पी कमी करावी तर जागेचे भाडे कोण भरणार, असे सुपरवायझर विचारतो. डिझेल पंपाची बॅटरी महिनोन्‌महिने उतरलेली असते. आगीसाठी राखून ठेवायचे टाकीतले पाणी उन्हाळ्यात वापरात येते. वारंवार वाजते म्हणून धोक्याची घंटा मुकी करून ठेवतात. सुटकेचा जिना खोक्यांनी भरलेला असतो, आणि त्याच्या तळाच्या दाराला चोरीच्या भीतीने कुलूप असते. ट्रँगलच्या दारालाही तेच कुलूप होते.

या सर्वांचा साक्षीदार असतो तो पहारेकरी. तो कंत्राटी असतो. बारा तासांची पाळी करतो. वर्ष-दोन वर्षांत कंत्राटदार बदलला की त्याची इमारत बदलते. पंपघराची किल्ली त्याच्या खिशात असते, पण पंप कसा चालवायचा हे त्याला कोणी शिकवलेले नसते. आग लागली की सर्वप्रथम त्याच्या निष्काळजीपणाची चौकशी होते.

खासगी मालकांना दोष देताना शासनाने स्वतःचे घर सांभाळले असेही म्हणता येत नाही. २१ जून २०१२ रोजी खुद्द मंत्रालय पेटले आणि पाच जण मेले; राज्याला नियम घालून देणारी इमारत स्वतः नियमांना पारखी होती. त्याहून लाजिरवाणी घटना अंधेरीच्या मरोळ येथील कामगार रुग्णालयाची. राज्य कामगार विम्याचे हे रुग्णालय कामगारांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या वर्गणीवर चालते. १७ डिसेंबर २०१८ रोजी, नूतनीकरणाचे काम सुरू असताना, ते पेटले आणि उपचारांसाठी आलेल्यांना तेथे मरण आले. २०२१ च्या मार्चमध्ये भांडुपच्या ड्रीम्स मॉलला आग लागली, आणि त्या मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर रुग्णालय होते! मॉलमध्ये रुग्णालय असावे ही कल्पनाच ज्यांना खटकली नाही त्यांच्या सहीने परवानग्या निघाल्या होत्या. अकरा जण गेले.

आणि इमारतीची यंत्रणा मेलेली असली की तिचे काम अखेर अग्निशमन दलाच्या जवानाला छातीवर घ्यावे लागते. अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्क या काचबंद मनोऱ्याला १८ जुलै २०१४ रोजी लागलेल्या आगीत एक जवान गेला. काचेने मढवलेल्या इमारतीत धूर कोंडतो आणि बाहेरून पाणी आत जात नाही, हे त्या दिवशी पुन्हा दिसले. पुढल्याच वर्षी, ९ मे २०१५ रोजी, काळबादेवीच्या गोकुळ निवासात मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांचे प्राण गेले. १९४४ च्या १४ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीच्या स्फोटात ६६ जवान कामी आले, म्हणून दर वर्षी त्या तारखेपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो. लिंक स्क्वेअरची आग हा सप्ताह संपून जेमतेम नऊ दिवस झाले असताना लागली.

येथे एक आक्षेप विचारात घ्यायला हवा, कारण तो केवळ बड्या मालकांचा नाही. नियम कडक केले की त्यांचा बडगा बड्यांवर पडत नाही; तो पडतो खानावळवाल्यावर, छोट्या गाळेधारकावर, फेरीवाल्यावर. कमला मिलनंतर हेच झाले. आणि खारदांड्यासारख्या ठिकाणी आणखी एक भीती आहे. कोळीवाड्याच्या अरुंद गल्लीत बंब शिरत नाही, हे खरे आहे. उद्या याच सत्याचे निमित्त करून वस्तीच हटवावी आणि बिल्डरला मोकळे रान द्यावे, असा डाव कोणी टाकणारच नाही याची हमी कोण देईल? ही भीती निराधार नाही. पण तिच्यावरचा उपाय नियम सैल करणे हा नव्हे. गल्लीत बंब जात नसेल तर गल्लीच्या तोंडाशी दाबाने पाणी देणारा हायड्रंट बसवणे आणि तो चालू ठेवणे हे पालिकेचे काम आहे. वस्तीतील तरुणांना होजपाइप हाताळण्याचे शिक्षण देणे हेही. लहान गाळेधारकांच्या मंडईसाठी टाकी व पंप सामाईक असू शकतात, आणि त्याचा खर्च हप्त्यांनी घेण्यास पालिकेची तिजोरी रिकामी होणार नाही. लिंक स्क्वेअरमध्ये अनेक छोट्या व्यापाऱ्यांची आयुष्यभराची पुंजी जळाली. स्वस्तातली सुरक्षितता त्यांनाही महागच पडली.

मागणी कोणती करायची हे यावरून ठरते. तपासणाऱ्या संस्थेची नेमणूक मालकाने करता कामा नये. पालिकेने शुल्क गोळा करावे आणि संस्था पाळीपाळीने चिठ्ठीने नेमाव्यात. तपासणीच्या वेळी त्या इमारतीत काम करणाऱ्यांचे दोन प्रतिनिधी हजर असावेत, त्यांपैकी एक पहारेकरी वा सफाई कामगार असावा, आणि त्यांच्यासमोर पंप चालवून, शेवटच्या तोटीपर्यंत पाणी येते की नाही हे पाहूनच सही व्हावी. दाखल्याची प्रत, तारीख आणि सही करणाऱ्याचे नाव यांसह, प्रवेशद्वाराशी मराठी-हिंदीत लावावी. धोका दाखवून देणाऱ्या कंत्राटी कामगाराला कामावरून काढल्यास तो गुन्हा मानावा. यातली शेवटची मागणी सर्वांत अवघड आहे, कारण तिच्यावाचून आधीच्या सर्व मागण्या पोकळ राहतात.

कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. फॉर्म बी अग्निशमन दलाकडे दाखल होतो, म्हणजे तो सरकारी दप्तरात असतो, आणि २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने दहा रुपयांचा अर्ज करून कोणालाही त्याची प्रत मागता येते. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. जुलैचे दाखले दप्तरी लागले की खार-वांद्र्याच्या मॉल, दालने व उपाहारगृहांच्या नावांची यादी करून कार्यकर्त्यांनी असे अर्ज एकगठ्ठा दाखल करावेत. दाखल्याची प्रत हाती आली की ती दांड्यातल्या आणि चुईममधल्या त्या-त्या इमारतीत कामाला जाणाऱ्या मुला-मुलींपुढे ठेवावी आणि एवढेच विचारावे की कागदावर जो पंप चालू आहे, तो त्यांनी शेवटचा चालताना कधी पाहिला.